पेशीचे चक्र एकाच दिशेने का फिरते

रावेर तालुक्यातून जळगावला पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पेशीचक्राच्या टप्प्यांची नावे तिला पाठ आहेत, पण एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जायचे हे पेशीत कोण ठरवते आणि चक्र कधी उलटे का फिरत नाही, हा पहिला प्रश्न. घरच्या बागेतल्या केळीला बी धरत नाही, कारण तिच्यात जननपेशी घडवणारे अर्धसूत्री विभाजन नीट पार पडत नाही, असे ती शिकली आहे; मग त्याच केळीच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बाटलीत महिनोन्महिने व्यवस्थित कशा विभागत राहतात, हा दुसरा. आणि ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांच्या लागवडीत मधूनच एखादे बुटके किंवा वेगळ्याच पानांचे झाड का निघते, हा तिसरा. पेशीविज्ञान शिकवण्यात आणि केळीच्या ऊतिसंवर्धनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. हे तिन्ही प्रश्न एकाच मुळावर येऊन मिळतात असे मला वाटते, म्हणून उत्तरही सलगच देतो.

पेशीचक्र शिकवताना आपण बहुधा पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या प्रथिनांबद्दल बोलतो. माझ्या मते चक्राची खरी किल्ली त्या प्रथिनांच्या निर्मितीत जेवढी आहे, त्याहून अधिक त्यांच्या नाशात आहे. एखादे प्रथिन हळूहळू साठते, त्याच्या जोरावर पेशी एक पाऊल पुढे टाकते, आणि पाऊल पडताच ते प्रथिन तोडून टाकले जाते. मागे फिरायचे तर ते पुन्हा नव्याने घडवावे लागेल, आणि तोवर पेशी पुढच्या टप्प्यात गेलेली असते. जुन्या विहिरींवरच्या रहाटाला चाक उलटे फिरू नये म्हणून जसा अडसर बसवलेला असे, तसे काम पेशीत हा नाश करतो. पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर एवढेच आहे. पण ते कसे उलगडत गेले हे पाहिल्याशिवाय ते मनात ठसत नाही.

वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये सॅलॅमँडरच्या पिलांच्या पेशींत गुणसूत्रे उभी दुभंगतात आणि त्यांचे अर्धे अर्धे भाग दोन टोकांकडे जातात, याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसत होते ते त्यांनी अचूक टिपले; मात्र दोन विभाजनांच्या मधल्या, वरवर शांत वाटणाऱ्या काळात काय घडते हे कळायला आणखी सत्तर वर्षे जावी लागली. १९५३ मध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी लंडनमध्ये घेवड्याच्या एका जातीच्या कोवळ्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस पुरवला आणि कोणत्या पेशी तो डीएनएमध्ये घेतात हे पाहिले. डीएनएची नक्कल सतत होत नाही, तर दोन विभाजनांच्या मधल्या एका ठरावीक अवधीतच होते, असे त्यातून दिसले. नक्कल होण्याचा तो एस टप्पा, त्याच्या आधीचा जी-१, नंतरचा जी-२ आणि प्रत्यक्ष विभाजनाचा एम टप्पा, ही आजची विभागणी तिथून आली. माणसाच्या शरीराबाहेर वाढवलेल्या, साधारण २४ तासांत एक चक्र पूर्ण करणाऱ्या पेशीत जी-१ ला सुमारे ११ तास, एसला ८, जी-२ ला ४ आणि एमला जेमतेम १ तास लागतो. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड पाहताना बहुतेक पेशी काहीच करत नसल्यासारख्या दिसतात त्याचे कारण हेच आहे, आणि टप्प्यांची ही विभागणी प्राण्याच्या पेशीवरून नव्हे तर वनस्पतीच्या मुळावरून मिळाली, हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

टप्पे कळले, तरी त्यांचा क्रम कोण राखते हा प्रश्न उरला होता. त्यावरचा मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रयोग मूळचे भारतीय असलेले पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी केला आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या टप्प्यांतल्या मानवी पेशी एका विषाणूच्या साहाय्याने एकमेकींत मिसळवल्या, म्हणजे एकाच पेशीद्रव्यात दोन केंद्रके आली. एस टप्प्यातली पेशी जी-१ मधल्या पेशीशी जोडली, तर जी-१ चे केंद्रक वेळेआधीच डीएनएची नक्कल करू लागले. म्हणजे एस टप्प्यातल्या पेशीद्रव्यात नक्कल सुरू करणारे काहीतरी होते. एस टप्प्यातली पेशी जी-२ मधल्या पेशीशी जोडली, तेव्हा मात्र जी-२ च्या केंद्रकाने पुन्हा नक्कल केली नाही. म्हणजे एकदा नक्कल झालेल्या डीएनएवर दुसऱ्यांदा नक्कल न होण्याची काही खूण होती. आणि विभाजन चालू असलेली पेशी कोणत्याही टप्प्यातल्या पेशीशी जोडली, तरी त्या दुसऱ्या केंद्रकातला डीएनए तयारी नसतानाही आखडून गुणसूत्रांच्या रूपात येऊ लागला. नक्कल सुरू करणारा संकेत, ती दुसऱ्यांदा होऊ न देणारी अट आणि विभाजनात ढकलणारा घटक, या तिन्ही गोष्टींचा सुगावा त्या एका प्रयोगमालेत लागला होता. एकाही रेणूचे नाव तेव्हा ठाऊक नव्हते, तरी प्रश्नाची मांडणी पूर्ण झाली होती.

पुढच्या दोन दशकांत नावे मिळत गेली. लेलँड हार्टवेल यांनी पावासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टमध्ये असे उत्परिवर्तित प्रकार शोधले, की जे तापमान वाढवताच चक्राच्या एका ठरावीक जागी अडकून पडत. प्रत्येक प्रकार म्हणजे चक्राच्या एका कळीच्या जनुकाचा पत्ता होता. पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये, पूर्ण वाढ होण्याआधीच विभागणाऱ्या लहान पेशी पाहून, विभाजनाची वेळ ठरवणारे जनुक हेरले, आणि १९८७ मध्ये मेलनी ली यांच्यासह दाखवून दिले की ते जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचे त्याच कामाचे जनुक घातले तर यीस्ट पुन्हा विभागू लागते. यीस्ट आणि माणूस यांचे मार्ग वेगळे होऊन शंभर कोटी वर्षांच्या आसपास काळ लोटला आहे, तरी हे यंत्र परस्परांत बदलून चालते. त्या जनुकाचे प्रथिन एक विकर (एन्झाइम) आहे. ते इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम चालू किंवा बंद करते. त्याला आज आपण सीडीके म्हणतो. केळीच्या, कपाशीच्या आणि माणसाच्या पेशींत त्याच घराण्यातली सीडीके काम करतात.

सीडीके एकटे निष्क्रिय असते. त्याला जागे करणारे जोडीदार प्रथिन टिम हंट यांना १९८२ मध्ये अमेरिकेत वुड्स होल येथे समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना दिसले. फलित अंड्यांत नव्याने तयार होणारी प्रथिने ते किरणोत्सारी अमिनो आम्लाने चिन्हित करून पाहत होते. बहुतेक प्रथिने वेळेबरोबर वाढतच होती. एक प्रथिन मात्र वाढत जाऊन प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होत होते आणि पुन्हा साठू लागत होते. तेच सायक्लिन. हार्टवेल, नर्स आणि हंट यांना २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी.

आता नाशाकडे येतो. पेशीत नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी जोडली जाते, आणि अशी खूण लागलेले प्रथिन प्रोटिआसोम या यंत्रणेत तोडले जाते. विभाजनाच्या वेळी ही खूण लावण्याचे काम अनेक प्रथिनांचा एक संघ करतो, त्याला एपीसी म्हणतात. एपीसी मुख्यतः दोन प्रथिनांना लक्ष्य करतो. पहिले सेक्युरिन. नक्कल झालेल्या गुणसूत्राच्या दोन प्रती कोहेसिन या कड्यासारख्या प्रथिनाने एकत्र धरलेल्या असतात. ते कडे कापणारे विकर म्हणजे सेपरेज, आणि त्याला बांधून ठेवणारे सेक्युरिन. सेक्युरिन नष्ट झाले की सेपरेज मोकळे होते, कडी कापली जातात आणि दोन्ही प्रती एकाच क्षणी अलग होऊन टोकांकडे खेचल्या जातात. कापलेले कडे पुन्हा जोडता येत नाही, म्हणून प्रती अलग होण्याच्या पश्चावस्थेतून, गुणसूत्रे मधोमध रांगेत असण्याच्या मध्यावस्थेत परत जाता येत नाही. एपीसीचे दुसरे लक्ष्य विभाजनाचे सायक्लिन. ते गेले की सीडीके थंडावते, गुणसूत्रांना खेचणारे तर्कुतंतू विरघळतात, केंद्रकाची पटले पुन्हा तयार होतात आणि पेशी जी-१ मध्ये येते. पेशी दुभंगण्याची रीत प्राणी आणि वनस्पतींत वेगळी आहे: प्राण्याची पेशी मधोमध आवळली जाते, तर वनस्पतीत आतूनच नवी पेशीपट्टिका तयार होत कडेच्या भित्तिकेपर्यंत जाऊन मिळते. नाशाचे तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच आहे.

सीडीके शांत असण्याचा हा अवधी आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. डीएनएवर नक्कल जिथून सुरू होते त्या जागांवर एमसीएम नावाचे प्रथिनसंच आधी चढवून ठेवावे लागतात, आणि हे चढवणे सीडीके क्षीण असतानाच, म्हणजे जी-१ मध्येच, होऊ शकते. एस टप्प्यात सीडीके जोरात आले की चढवलेले संच कामाला लागतात आणि नवे चढवण्यास बंदी होते. म्हणजे जे प्रथिन नक्कल सुरू करते तेच ती दुसऱ्यांदा होऊ देत नाही. राव आणि जॉन्सन यांच्या जी-२ केंद्रकाने पुन्हा नक्कल का केली नाही, याचे स्पष्टीकरण यात मिळते. मध्ये सायक्लिनचा नाश होऊन गेल्याशिवाय नवी परवानगी नाही. एका चक्रात एकच नक्कल हा नियम असा पाळला जातो.

एपीसीला हिरवा कंदील केव्हा मिळतो, हा नियंत्रणाचा सर्वांत काटेकोर भाग आहे. प्रत्येक गुणसूत्राच्या गुणसूत्रबिंदूवर प्रथिनांची एक बैठक असते, तिला कायनेटोकोअर म्हणतात. तर्कुतंतू तिथे येऊन जुळतात. जिथे तंतू जुळलेला नाही तिथे एमएडी-२ सारखी प्रथिने जमतात, थांबण्याचा संकेत तयार करतात आणि एपीसीला रोखून धरतात. १९९५ मध्ये कॉनली रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्याच्या पेशीतले शेवटचे न जुळलेले कायनेटोकोअर लेझर किरणाने नष्ट केले, आणि तोवर थांबलेली पेशी पुढे पश्चावस्थेत गेली. एका जागेवरचा संकेत साऱ्या पेशीला थांबवू शकतो, हे त्यातून दिसले. पेशी येथे घड्याळ पाहून पुढे जात नाही. काम पुरे झाल्याची खात्री होईपर्यंत थांबते.

थांबवून तपासणी करणारा हा नाका आपल्या परिसरातल्या दोन वनस्पतींच्या आधारे प्रत्यक्ष पाहता येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. ते तर्कुतंतू ज्या ट्युब्युलिन प्रथिनाचे बनतात त्यालाच चिकटते, तंतू बनत नाहीत, आणि कांद्याच्या मुळाच्या टोकाला ते सौम्य प्रमाणात दिले तर आखडलेली १६ गुणसूत्रे घेऊन थांबलेल्या पेशी मोठ्या संख्येने मिळतात. कळलावी जीवघेणी विषारी आहे, म्हणून घरी अर्क काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. प्रयोगशाळेतले मोजून दिलेले द्रावणच हातमोजे घालून वापरावे. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिनही ट्युब्युलिनवरच काम करते, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते दीर्घकाळ वापरात आहे. नाका कायम टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोल्चिसिन फार वेळ राहिले तर सायक्लिन हळूहळू गळत जाते आणि पेशी विभागल्याशिवायच दुप्पट गुणसूत्रे घेऊन जी-१ मध्ये उतरते. बहुगुणित वाणांची पैदास करणारे याच वाटेचा उपयोग करतात.

इथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार होते. आपल्याकडे सर्वदूर लावली जाणारी ग्रँड नैन केळी त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. मूळ रानकेळीत २२ गुणसूत्रे असतात, हिच्यात ३३. शरीराच्या पेशींच्या नेहमीच्या, म्हणजे सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्राला फक्त स्वतःची प्रत हवी असते. ती प्रत तयार झाली, दोन्ही बाजूंना तंतू जुळले, कडे कापले गेले, की काम झाले. शेजारच्या समजात (दुसऱ्या संचातल्या त्याच्यासारख्याच) गुणसूत्राशी त्याला काही देणेघेणे नसते, म्हणून गुणसूत्रे २२ असोत वा ३३, हिशेब बरोबरच येतो. अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत मात्र समजात गुणसूत्रांनी जोड्या लावून विरुद्ध टोकांना जायचे असते. तिघांची जोडी लागत नाही. कुठे तिघे एकत्र गुंततात, कुठे दोघे जुळून एक सुटे राहते, आणि तयार होणाऱ्या जननपेशींत गुणसूत्रांची संख्या इतकी वेडीवाकडी होते की त्या बहुतेक निकामी ठरतात. फळ बीजधारणेशिवायच गराने भरते हा केळीचा वेगळा गुण आहे. थोडक्यात, केळीत विभाजनाचे यंत्र शाबूत आहे. ज्या एका कामासाठी जोडीदार लागतो तेवढेच अडते.

बाटलीत हे यंत्र आपण चालू कसे ठेवतो? जी-१ च्या शेवटी एक दरवाजा असतो. तिथे आरबी नावाचे प्रथिन नकलेची जनुके चालू करणाऱ्या ई-२-एफ घटकांना धरून ठेवते. वाढीचे संकेत आले की सायक्लिन-डी तयार होते, त्याच्या जोडीचे सीडीके आरबीला फॉस्फेट जोडते, आरबीची पकड सुटते आणि पेशी एसकडे निघते. हा दरवाजा प्राणी व वनस्पती दोघांत जवळजवळ सारखाच आहे. दार ठोठावणारे मात्र वेगळे. वनस्पतीत ते ऑक्सिन व सायटोकायनिन ही संप्रेरके आणि साखर आहेत. सायटोकायनिन दिल्यावर सायक्लिन-डी घराण्यातल्या एका प्रथिनाचे जनुक जोर धरते, हे अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीत १९९९ मध्ये दाखवले गेले. आपण केळीच्या मुनव्याच्या (बुंध्याशी फुटणाऱ्या पिलाच्या) गाभ्यातला विभज्या, म्हणजे सतत विभागणाऱ्या, ऊतीचा लहानसा तुकडा साखर आणि बीएपी हे सायटोकायनिन असलेल्या माध्यमावर ठेवतो, तेव्हा याच दरवाजावर हात ठेवतो. फुटवे मिळाले की बीएपी काढून ऑक्सिन देतो आणि मुळे फुटतात. शेतात याच दरवाजावर थंडीचाही अंमल चालतो: डिसेंबर-जानेवारीत जळगाव भागात पारा दहा अंशांखाली उतरला की केळीचे नवे पान येणे जवळजवळ थांबते, कारण विभाजनाची आणि पेशी लांबण्याची विकरे मंदावतात.

दरवाजा बंद करून चक्राबाहेर पडणे हेही नियंत्रणच आहे, आणि त्याचे खानदेशातले सर्वांत देखणे उदाहरण कपाशीत आहे. बोंडातला प्रत्येक धागा ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. फूल उमलण्याच्या सुमारास ती विभागणे सोडते आणि लांबू लागते. आपल्या वाणांत ती सुमारे तीन सेंटिमीटरपर्यंत पोहोचते, मग आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि मरते. ती विभागत राहिली असती तर सुताला योग्य असा लांब धागाच मिळाला नसता.

दरवाजांची राखण सुटली की काय होते, ते माणसाच्या कर्करोगात दिसते. डीएनए तुटला असता प्राण्यांच्या पेशीत पी-५३ हे प्रथिन वाढते, सीडीकेला अडवणारे पी-२१ तयार करवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरण पत्करायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या गाठींत पी-५३ चे जनुक बिघडलेले असते, आणि तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात ते बिघडलेले सापडणे नेहमीचे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा विषाणू एका प्रथिनाने आरबीला आणि दुसऱ्याने पी-५३ ला निकामी करतो. उलट याच ज्ञानातून औषधेही आली: सायक्लिन-डीच्या जोडीचे सीडीके रोखणारे पाल्बोसिक्लिब २०१५ पासून स्तनाच्या काही कर्करोगांवर दिले जाते. वनस्पतीत पी-५३ नाही. तिथे एसओजी-१ नावाचे वेगळेच प्रथिन तसले काम करते. शिवाय वनस्पतीची पेशी भित्तिकेत जखडलेली असते, त्यामुळे बिघडलेली पेशी गाठ करू शकली तरी शरीरभर फिरत नाही.

तिसऱ्या प्रश्नाची उकल या सगळ्यावर बेतलेली आहे. पेशीचे नाके ठरावीक गोष्टीच तपासतात: डीएनए तुटलेला आहे का, नक्कल पुरी झाली का, प्रत्येक कायनेटोकोअर जुळले का. डीएनएवर कोणते जनुक गप्प ठेवायचे हे सांगणाऱ्या मिथाइल खुणा जागेवर आहेत की पुसल्या गेल्या, हे कोणताही नाका पाहत नाही. तसेच डीएनएतले एखादे अक्षर एकदा बदलून दोन्ही धाग्यांवर पक्के झाले, तर पेशीच्या दृष्टीने तो डीएनए निर्दोषच असतो. ऊतिसंवर्धनात पेशी नेहमीपेक्षा वेगाने आणि अनोळखी परिस्थितीत विभागतात, त्यामुळे असे फरक साचायला वाव मिळतो. तेलताडाच्या ऊतिसंवर्धित झाडांत फळे बिघडण्याचे मूळ २०१५ मध्ये सापडले, तेव्हा ते एका उड्या मारणाऱ्या जनुकखंडावरच्या मिथाइल खुणा नाहीशा होण्यातच निघाले. केळीतल्या वेगळ्या झाडांमागे अशा खुणांतले बदल, गुणसूत्रांच्या संख्येतले किंवा रचनेतले फरक आणि जनुकांतले बदल, सारेच आढळले आहेत. ग्रँड नैनच्या गटात त्यांतले सर्वांत नेहमीचे रूप म्हणजे बुटके झाड.

म्हणून जास्त बीएपी ओतून एका बाटलीतून जास्त फुटवे काढण्याच्या मोहाला माझा ठाम विरोध आहे. दरवाजा आपण हवा तेवढा रेटू शकतो, पण आतल्या तपासणीची व्याप्ती त्यामुळे वाढत नाही. मातृझाड शेतात नीट पारखून घ्यावे, उपसंवर्धनांची संख्या साधारण आठाच्या आत ठेवावी, गाठीसारख्या अस्ताव्यस्त ऊतीतून फुटणारे कोंब बाजूला काढावेत आणि शेडनेटमध्ये रोपे घट्ट होत असतानाच आखूड देठांची, गच्च पानांची रोपे वेचून टाकावीत. मृगबाग असो वा कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम), एखादे वेगळे झाड तरीही शेतात सापडले, तर खोडव्यासाठी त्याचे पील राखू नये. सूत्री विभाजन जे आहे त्याचीच हुबेहूब प्रत काढते, त्यामुळे बुटक्या झाडाचा मुनवाही बुटकाच निघतो.